बँकवाल्यांचा घरचा अभ्यास

1928 साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स स्थापन झाली. तिच्या परीक्षांना वर्गाची सक्ती नव्हती. नोकरी सांभाळून घरी वाचायचं आणि परीक्षेला बसायचं. आमच्या पिढीतल्या कारकुनांना ताळेबंद कसा वाचायचा, कंपनीचं खेळतं भांडवल कुठे अडकतं, हे कळलं ते तिच्या सीएआयआयबी या परीक्षांमुळे. पास झालं की ज्यादा वेतनवाढ मिळे. मला मात्र गोडी लागली ती बँकांच्या कर्जाविषयीच्या टंडन समितीच्या 1975 च्या अहवालाची. तोवर बँका मुख्यतः तारण पाहून कर्ज देत. या समितीने कारखान्याची खरी गरज मोजायला लावली. कर्जाची मर्यादा ठरवण्याच्या तिच्या दुसऱ्या पद्धतीत चालू मालमत्तेच्या 25 टक्के रक्कम मालकाने दीर्घ मुदतीच्या पैशातून घालायची. रात्री जेवणं उरकली की मी हे हिशेब सोडवत बसे, आणि सकाळी शाखेत कर्जाच्या अर्जावर तेच ताडून पाही. दिवसाच्या कॉलेजात ही सोय कुठली? पुढे 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं आणि बँकेबाहेरच्या नोकरदारांनाही वाट मिळाली. नोकरी करत शिकणाऱ्या मुलामुलींनो, या अभ्यासाला दुय्यम समजू नका.