शिशाच्या शिपायांचा रोग

जुन्या खेळण्यांचे संग्राहक शिशाच्या लहानशा शिपायांसाठी बरेच पैसे मोजतात. १८९३ मध्ये लंडनच्या धाकट्या विल्यम ब्रिटन यांनी हे शिपाई पोकळ ओतण्याची युक्ती काढली. तोवर ही बाजारपेठ जर्मन कारखान्यांच्या हाती होती. शिशाचा वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतला की साच्याला टेकलेला थर लगेच थिजतो. तेवढ्यात साचा उलटा करून आतला द्रव बाहेर ओतून टाकायचा. उरते ते पातळ कवच. धातू वाचला, किंमत उतरली. (शिक्षकांनी थंड वाटीत वितळलेले मेण ओतून लगेच परत ओतावे, तत्त्व तेच.) पलटणीगणिक गणवेश वेगळे, उंची साधारण ५४ मिलिमीटर. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये अशा शिपायांच्या लढायांचे नियमच पुस्तकरूपाने छापले.

या शिपायांना एक रोग होतो. अंगावर पांढरी भुकटी येते, रंग सुटतो आणि शेवटी धातूच भुसभुशीत होतो. शेजारचे शिपाईही एकामागून एक बिघडतात, म्हणून संग्राहक याला संसर्गजन्य समजत आणि आजारी शिपाई वेगळे ठेवत. शिपाई बिचारे निर्दोष, दोष कपाटाचा. ओकच्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ सावकाश निघत राहते. दमट हवेत तिच्यामुळे शिशाचे ॲसिटेट बनते. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचे कार्बोनेट करतो आणि आम्ल पुन्हा मोकळे होते. ते पुढच्या शिशावर चाल करून जाते! म्हणूनच चिमूटभर आम्लही पुरते.

ती भुकटी म्हणजे रंगाऱ्यांचा सफेता. ग्रीक पंडित थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस शिशावर व्हिनेगरचा परिणाम घडवून सफेता करण्याची कृती लिहून ठेवली आहे. पुढे डच कारागीर शिसे आणि व्हिनेगर मडक्यांत घालून ती शेणखतात पुरत. खतातून ऊब मिळे आणि कार्बन डायऑक्साइडही. म्हणजे ज्याने हौसेने ओकचे भारी कपाट करून घेतले, त्याने घरात सफेत्याचा संथ कारखानाच उघडला. आमच्या मते पत्र्याचा साधा डबा त्यापेक्षा बरा.

१९७३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी प्रदर्शनाच्या कपाटांचे साहित्य तपासण्याची पद्धत मांडली. साहित्याचा तुकडा, थोडे पाणी आणि धातूची पट्टी बंद नळीत ठेवून ऊब द्यायची व पट्टी गंजते का ते पाहायचे. आज या चाचणीत चांदी, तांबे आणि शिसे अशा तीन पट्ट्या वापरतात. आम्लाच्या वाफेची चुगली शिसे करते.

ही भुकटी विषारी आहे. असा शिपाई कुणी वर्गात आणलाच, तर तो काचेआडूनच दाखवावा.