वायुचालित वॉल्व्ह-ॲक्च्युएटर : जोडणी आणि देखभाल

वायुचालित ॲक्च्युएटर म्हणजे दाबाखालच्या हवेच्या बळावर नळवाहिनीतील वॉल्व्ह उघडणारे, बंद करणारे किंवा हव्या त्या मधल्या स्थितीत धरून ठेवणारे यंत्र. तेलशुद्धीकरण, खते, औषधे, साखर, दूध, कागद, वीजनिर्मिती, जलशुद्धीकरण अशा जवळजवळ प्रत्येक प्रक्रिया-उद्योगात ते आढळते. विजेची मोटर असताना हवा कशासाठी, याची उत्तरे कारखान्याच्या रोजच्या व्यवहारातच आहेत. हवेतून ठिणगी पडत नाही. वॉल्व्ह मध्येच अडकला तर मोटरचे वेटोळे जळू शकते. हवेचा दट्ट्या नुसता थांबतो आणि अडथळा दूर होताच पुन्हा चालू लागतो. शिवाय एक स्प्रिंग घातली की वीज आणि हवा दोन्ही गेल्यावरही वॉल्व्ह सुरक्षित बाजूला जाऊन बसतो.

या यंत्राचे मुख्य प्रकार वॉल्व्हच्या चालीवरून ठरतात. बॉल, बटरफ्लाय आणि प्लग हे वॉल्व्ह पाव फेऱ्यात, म्हणजे ९० अंशांत, उघडतात. त्यांच्यासाठी बहुधा रॅक-पिनियन रचना वापरतात : ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात समोरासमोर दोन दट्टे, त्यांना दातेरी पट्ट्या आणि मध्ये फिरणारा पिनियन. मोठ्या वॉल्व्हसाठी स्कॉच-योक रचना येते. तिचा पीळ, म्हणजे टॉर्क, चालीच्या दोन्ही टोकांना जास्त आणि मध्ये कमी असतो. बॉल वॉल्व्हला सर्वाधिक जोर बंद स्थितीतून सुटताना लागतो, त्यामुळे ही जोडी चांगली जमते. ग्लोब वॉल्व्हसारख्या सरळ रेषेत वर-खाली होणाऱ्या कंट्रोल वॉल्व्हवर रबरी पडद्याचा, म्हणजे डायफ्रॅमचा, ॲक्च्युएटर असतो. पसरट टोपीसारखा त्याचा आकार कोणत्याही प्रकल्पात लांबूनच ओळखू येतो.

बळाचे गणित साधे आहे आणि ते एकदा हाताने करून पाहण्यासारखे आहे. १०० मिमी. व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौ. सेंमी. भरते. ५.५ बार दाबाला त्यावर सुमारे ४,३२० न्यूटन बल येते. पिनियनची त्रिज्या २० मिमी. धरली तर दोन दट्टे मिळून सुमारे १७३ न्यूटन-मीटर पीळ देतात; घर्षणाची वजावट त्यातून करायची. हाच दाब ४ बारपर्यंत उतरला की पीळ १२६ वर येतो. म्हणून ॲक्च्युएटरची निवड कॉम्प्रेसरच्या मीटरवरील आकड्यावरून करू नये. लांबच्या टोकाला, सर्व यंत्रे एकदम हवा ओढत असताना, जो किमान दाब उरतो तो धरायचा. वॉल्व्ह सुटण्यास लागणाऱ्या पिळाच्या वर २५ ते ३० टक्के राखीव ठेवण्याची रीत आहे. याची उलट बाजू मात्र अनेकदा विसरली जाते. ॲक्च्युएटर गरजेपेक्षा फार मोठा घेतला, तर पूर्ण दाबाला तो वॉल्व्हचा स्टेम, म्हणजे त्याचा दांडाच, पिळून टाकू शकतो. स्टेमची सहनमर्यादा वॉल्व्ह-निर्मात्याकडून मागून घ्यावी.

ॲक्च्युएटर डबल-ॲक्टिंग असेल तर दोन्ही दिशांना हवाच काम करते; सिंगल-ॲक्टिंग असेल तर एका दिशेला हवा आणि दुसऱ्या दिशेला स्प्रिंग. हवेची वाट बदलणारा सोलेनॉइड वॉल्व्ह पहिल्याला ५/२, म्हणजे पाच तोंडांचा आणि दोन स्थितींचा, लागतो; दुसऱ्याला ३/२. सिंगल-ॲक्टिंगचा पीळ चालीभर सारखा राहत नाही. हवा जोर लावत जाते तशी स्प्रिंग दबत जाऊन अधिकाधिक विरोध करते; परतीच्या वाटेवर स्प्रिंगही सैल पडत जाते. निवड करताना चारही टोकांचे आकडे पाहावे लागतात. हवा गेल्यावर वॉल्व्हने कुठे जावे, हा निर्णय प्रक्रियेचा असतो. बर्नरकडे जाणारा इंधनवायू बंद व्हावा, उष्णता निर्माण होणाऱ्या रिॲक्टरचे थंड पाणी चालू राहावे. हा निर्णय आराखड्यावर लिहिलेला असतो. प्रत्यक्षात ॲक्च्युएटर उलटा बसला तर निर्णय कागदावरच राहतो. जोडणीनंतर हवेची नळी काढून वॉल्व्ह कुठे जातो हे डोळ्यांनी पाहणे, याला पर्याय नाही.

वॉल्व्ह आणि ॲक्च्युएटर यांचा सांधा आयएसओ ५२११ या मानकाने ठरवला आहे. एफ०५ फ्लँजच्या बोल्टचे वर्तुळ ५० मिमी.चे, एफ०७चे ७० मिमी.चे, एफ१०चे १०२ मिमी.चे. एका निर्मात्याचा वॉल्व्ह आणि दुसऱ्याचा ॲक्च्युएटर त्यामुळे एकमेकांवर बसू शकतात. वरच्या पृष्ठावर वॉल्व्हची स्थिती कळवणाऱ्या लिमिट स्विचची पेटी आणि बाजूला सोलेनॉइड बसवण्याच्या मापांसाठी जर्मनीतील नामूर या संघटनेच्या नावाने ओळखली जाणारी रचना जगभर चालते. सोलेनॉइडच्या छिद्रांमधील ३२ आणि २४ मिमी. ही अंतरे फिटरच्या तोंडी असतात. मापे जुळली म्हणजे जोडणी जमली, असे मात्र नाही.

बसवण्यापूर्वी वॉल्व्ह आणि ॲक्च्युएटर दोन्ही एकाच स्थितीत, शक्यतो बंद, असावेत. चौकोनी स्टेम पिनियनच्या खाचेत हाताने बसला पाहिजे. हातोडी मारून बसवलेला ॲक्च्युएटर स्टेमवर बाजूने रेटा देत राहतो, स्टेमभोवतीच्या ग्लँडचे पॅकिंग एका बाजूने झिजते आणि काही महिन्यांनी गळती दिसू लागते. तेव्हा सगळे पॅकिंगला दोष देतात, कारण तिरकी बसलेली कपलिंग धूळ किंवा रंगाच्या थराखाली लपलेली असते. बोल्ट एकेक करून पूर्ण आवळू नयेत. आधी सैल ठेवून ॲक्च्युएटर दोन-तीनदा चालवावा, त्याला आपली मध्यरेषा सापडू द्यावी आणि मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

बटरफ्लाय वॉल्व्हची गोष्ट वेगळी आहे. त्याची तबकडी उघडल्यावर वॉल्व्हच्या बाहेर येते. नळाचा आतला व्यास लहान असेल किंवा गास्केट आत सरकले असेल, तर ती त्यावर आपटते. रबरी सीटच्या वॉल्व्हवर फ्लँज आवळताना तबकडी किंचित उघडी ठेवावी लागते, नाहीतर सीट दबून पीळ वाढतो. स्प्रिंगने उघडणारा ॲक्च्युएटर आधीच चढवलेला असेल, तर हवा नसताना तबकडी पूर्ण उघडी असते आणि असा वॉल्व्ह दोन फ्लँजच्या मध्ये सरकवताना तिची कड हमखास चेपते. अशा वेळी तात्पुरती हवा देऊन तबकडी जवळजवळ मिटवावी.

चालीचा शेवट ठरवणारे स्टॉप-बोल्ट बहुतेक ॲक्च्युएटरवर काही अंशांची मुभा देतात. बॉल वॉल्व्ह दोन अंश कमी फिरला, तर दर्शक पट्टी बंद दाखवते, पण आतून बारीक धार चालू राहते आणि ती सीट कापत जाते. स्टॉप लावताना वरच्या पिवळ्या दर्शकावर विसंबू नये. शक्य तिथे वॉल्व्ह नळात जाण्याआधी बॉलची कड प्रत्यक्ष पाहावी. वाफेच्या किंवा गरम तेलाच्या लाइनवर ॲक्च्युएटर थेट न चढवता मध्ये उंच ब्रॅकेट घालतात. साध्या नायट्राइल रबराची सील साधारण उणे २० ते ८० °से.पर्यंतच चालतात, म्हणून उष्णता दूर ठेवायची. ब्रॅकेटचा दुसरा फायदा असा की, ग्लँड गळू लागले तर ते उघड्या ब्रॅकेटमधून दिसते आणि गळलेला द्रव ॲक्च्युएटरमध्ये शिरत नाही.

हवेची नळी जोडण्याआधी ती मोकळी सोडून जोरात फुंकावी. नव्या नळात ग्राइंडिंगचा कीस, गंजाचे पापुद्रे, वेल्डिंगचे कण असतात. टेफ्लॉन टेप आट्यांच्या पहिल्या वेढ्यावर लावू नये. सुटलेला तुकडा थेट सोलेनॉइडच्या आत सरकणाऱ्या स्पूलमध्ये जातो. सोलेनॉइड हलत नाही म्हणून बदलला जातो आणि जुन्यात सापडते ती पांढरी चिंधी.

पण या यंत्राचा सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे, आणि ते कॉम्प्रेसरमधूनच येते. ३० °से. तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या, म्हणजे कोकणातल्या पावसाळी दिवसाच्या, एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ७ बार गेज दाबासाठी अशी आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते. तिच्यासोबत सुमारे १९५ ग्रॅम पाणी येते आणि त्याच तापमानाला थंड झाल्यावर ती हवा ३० ग्रॅमच धरू शकते. उरलेले सुमारे १६५ ग्रॅम पाणी कुठेतरी उतरणारच : आफ्टरकूलरमध्ये, टाकीत किंवा तिथे काढले नाही तर ॲक्च्युएटरच्या पोटात. तिथे ते ग्रीस धुऊन टाकते आणि स्प्रिंग गंजवते. आयएसए ७.०.०१ या अमेरिकी मानकाचा दंडक असा की, हवेचा दाबाखालचा दवबिंदू व्यवस्थेतील कोणत्याही जागेच्या किमान तापमानापेक्षा निदान १० °से.ने खाली असावा, कण ४० मायक्रॉनपेक्षा मोठे नसावेत आणि तेल शक्यतो शून्य, फार तर दशलक्षात एक भाग असावे.

पाणी हवेच्या लाइनमध्ये गेले की काय घडू शकते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचे आहे. २८ मार्च १९७९च्या पहाटे तिथल्या दुसऱ्या युनिटमध्ये कामगार पाणी शुद्ध करणाऱ्या टाकीत अडकलेले रेझिन मोकळे करत होते. त्या खटपटीत पाणी इन्स्ट्रुमेंट एअरच्या, म्हणजे उपकरणे चालवणाऱ्या हवेच्या, लाइनमध्ये शिरले आणि त्यामुळेच त्या टाक्यांचे वायुचालित वॉल्व्ह बंद झाले, असे मानले जाते. फीडवॉटर पंप थांबले, टर्बाइन थांबले, काही सेकंदांत रिॲक्टरही बंद झाला. त्यानंतर दाब सोडणारा एक वॉल्व्ह उघडाच अडकून राहिला, ऑपरेटरांना ते कळले नाही आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. मुख्य दोष हवेच्या लाइनचा नव्हता. सुरुवात मात्र तिथून झाली. ऑगस्ट १९८८मध्ये अमेरिकी अणुनियामक आयोगाने ८८-१४ क्रमांकाचे पत्र काढून सर्व अणुवीज केंद्रांना सांगितले की, हवेचा दर्जा उपकरण-निर्मात्यांच्या अपेक्षेइतका आहे हे चाचणीने पडताळा आणि हवा गेल्यावर सुरक्षेशी निगडित प्रत्येक वॉल्व्ह ठरलेल्या जागी जातो, हेही तपासा. ही दोन वाक्ये कोणत्याही कारखान्याच्या देखभाल-पुस्तकात जशीच्या तशी उतरवावीत इतकी मोलाची आहेत.

समुद्रकाठच्या प्रकल्पांत आणखी एक वाट उघडी असते. सिंगल-ॲक्टिंग ॲक्च्युएटरची स्प्रिंगची बाजू छोट्या छिद्रातून श्वास घेते. दट्ट्या परत येताना बाहेरची खारी, दमट हवा आत ओढली जाते आणि आतली कोरडी इन्स्ट्रुमेंट एअर निरुपयोगी ठरते. यावर उपाय सोपा आहे. कामाच्या बाजूची सुटणारी हवा स्प्रिंगच्या कप्प्यात वळवणारा सोलेनॉइड मिळतो. तो घेतला की स्प्रिंग कायम कोरड्या हवेत राहते. खर्च नाममात्र, फायदा वर्षानुवर्षांचा.

देखभालीतील पहिले साधन घड्याळ. वॉल्व्ह नवा असताना उघडण्यास आणि मिटण्यास किती सेकंद लागले, ते लिहून ठेवावे. पुढे तो वेळ वाढू लागला तर फिल्टर तुंबला आहे, दाब पडला आहे, सील फुगले आहे किंवा वॉल्व्हच आखडला आहे. साबणाचे पाणी हे दुसरे साधन. डबल-ॲक्टिंग ॲक्च्युएटर एका टोकाला थांबलेला असताना सोलेनॉइडच्या एक्झॉस्टमधून सतत हवा येत असेल, तर बहुधा दट्ट्याचे सील गेले आहे किंवा स्पूल झिजला आहे. ॲक्च्युएटरकडे जाणारी नळी बंद करून दोन्हींत फरक करता येतो. कॉम्प्रेसरचे तेल बदलून सिंथेटिक घेतले तर ॲक्च्युएटरचा विचार आधी करावा. काही सिंथेटिक तेले नायट्राइल सील फुगवतात आणि फिल्टरच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट वाटीला तडे पाडतात.

सतत चालणारा वॉल्व्ह झिजतो, हे सगळ्यांना दिसते. न चालणारा वॉल्व्ह आखडतो, हे दिसत नाही. आपत्कालीन बंद-वॉल्व्ह वर्षभर उघडाच उभा असतो आणि त्याने चालायचे ते एकदाच, नेमक्या त्या क्षणी. म्हणून त्याला थोडेसे, साधारण १० ते २० टक्के, हलवून परत आणण्याची आंशिक चाल-चाचणी घेतात. उत्पादन न थांबवता तो मोकळा आहे हे कळते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत हीच अडचण ऋतूबरोबर येते. गळीत हंगाम संपला की वॉल्व्ह पूर्ण पावसाळा उभे राहतात. साखर शिजवण्याच्या पॅनकडच्या लाइन नीट धुतल्या नसतील तर मॅसक्यूट, म्हणजे साखरेचे स्फटिक असलेला दाट पाक, आत घट्ट होते आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी ॲक्च्युएटर ‘कमजोर’ ठरतो. ऑफ-सीझनमध्ये लाइन गरम पाण्याने धुणे, ॲक्च्युएटरची मोकळी तोंडे प्लगने बंद करणे आणि दर काही आठवड्यांनी कॉम्प्रेसर चालवून प्रत्येक वॉल्व्ह एकदा फिरवणे, एवढे केले तर सील-किटची मागणी बरीच कमी होते.

सील बदलण्यासाठी ॲक्च्युएटर उघडायचा असेल, तर आधी हवा बंद करून नळी काढावी, दोन्ही कप्पे रिकामे करावेत, कुलूप आणि टॅग लावावेत, नळातला दाब सोडावा. अडकलेल्या वॉल्व्हवर बसलेल्या ॲक्च्युएटरमध्ये हवा नसली तरी दबलेली स्प्रिंग असते. वॉल्व्ह मोकळा होताच ती झटक्यात सुटते. रॅक-पिनियन प्रकारात एंड-कॅपचे बोल्ट सगळे मिळून, थोडे थोडे, स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरेपर्यंत सैल करतात. ऑक्सिजनच्या लाइनवरील वॉल्व्हजवळ काम करताना नेहमीचे ग्रीस हाताला असू नये. आणि स्कॉच-योकची वेल्ड करून बंद केलेली स्प्रिंगची नळकांडी कारखान्यात कधीही कापू वा उघडू नये; तिच्यातील स्प्रिंग माणूस मारण्याइतक्या ताणाखाली असते. ती बिघडली तर अखंड काढून निर्मात्याकडे पाठवावी.