धाव, वेल्डिंग आणि यूट्यूब

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायची, तर गावात दोघे लागत: सुतार आणि लोहार. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायची, सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आवळले की आरे आणि पुठ्ठे घट्ट धरले जात. धाव किती लहान ठेवायची, याचे कोष्टक नव्हते. फार लहान राहिली तर चाक पिचायचे, मोठी राहिली तर उन्हाळ्यात लाकूड आटल्यावर निसटायची. पोरगा बापाशेजारी भाता ओढत वाढायचा आणि हा अंदाज त्याच्या नजरेत बसायचा. विळ्याला पाणी द्यायचे तेही तापलेल्या पात्याचा रंग बघून. चूक झाली की बाप हातातला घण तिथेच थांबवायचा.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अलीकडे वसलेला महागाव तालुका कापूस-सोयाबीनचा. अशा मुलखात लोहाराचे पोट वखर, डवरे आणि फाळ पाजवण्यावर चालायचे. मोबदला सुगीनंतर धान्याच्या रूपात मिळायचा. ट्रॅक्टर आला, बैलगाडीला टायर आले, बलुते मोडले. भात्याच्या जागी आधी गॅस वेल्डिंग आणि मग विजेचे वेल्डिंग मशीन आले. विदर्भातल्या कोणत्याही बाजाराच्या गावात आज वेल्डिंगचे दुकान असतेच. दारात ट्रॉलीचा सांगाडा, आत कपाटे आणि खिडक्यांच्या जाळ्या, उन्हाळा तोंडावर आला की कूलरच्या पेट्या. नवे काम आले की कारागीर जुना नमुना मागतो आणि त्यावरून माप घेतो.

नमुना समोर नसेल तेव्हा छापील मजकुराचा आधार असे. नागपूरहून निघणारे ‘उद्यम’ मासिक छोटे धंदे, शेती आणि घरगुती उत्पादनांची कृती मराठीत देत असे. मात्र अंक महिन्यातून एकदाच यायचा, आणि त्यातली कृती करून बघताना वाचणाऱ्यालाही कुणा जाणत्याकडे जावेच लागायचे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. ते दूरध्वनीच्या तारेवरून चालायचे, महाग होते आणि मोठ्या शहरांपुरते होते. गावच्या वर्कशॉपात ते शिरले ते दोन दशकांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केल्यावर. आता ग्राइंडर बाजूला ठेवून कारागीर मोबाइल उघडतो आणि परदेशातल्या कुणाचे गिअरबॉक्स खोलणे बघतो. भाषा कळली नाही तरी हात कळतात.

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचा एक तरुण असाच शिकला. शाळा आठवीला सुटलेली, हात वेल्डिंगवर बसलेला. ‘३ इडियट्स’ चित्रपटातला रँचो त्याच्या मनात भरला होता. त्या चित्रपटातली स्कूटरवरची पिठाची गिरणी मुळात जळगावच्या जहांगीर पेंटर यांच्या डोक्यातून निघालेली. म्हणजे एका गावठी कारागिराची युक्ती पडद्यावरून दुसऱ्यापर्यंत पोहोचली होती. फुलसावंगीच्या पोराने यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहत, लोखंडी पाइप जोडत आणि मारुती ८०० चे इंजिन बसवत सुमारे दोन वर्षांत एका माणसाचे हेलिकॉप्टर उभे केले.

हेलिकॉप्टरची मुख्य पाती एका दिशेने फिरतात, तेव्हा खालचा सांगाडा उलट फिरू पाहतो. त्याला रोखायला शेपटीला छोटा पंखा असतो आणि तो मुख्य पात्यांपेक्षा कितीतरी वेगाने फिरतो. त्याच्या वजनात जरा फरक राहिला की प्रत्येक फेऱ्याला दांड्याला हिसका बसतो आणि वेल्डिंगचा टाका आतून थकत जातो. कारखान्यात पात्यांचा तोल काटेकोर साधतात, यंत्र जमिनीला जखडून चालवतात आणि माणसे लांब ठेवतात. व्हिडिओत यंत्र उडताना दिसते. त्याआधीच्या या कंटाळवाण्या चाचण्या क्वचितच कुणी चित्रित करून टाकतो, आणि कंप तर पडद्यावर कळतच नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या काही दिवस आधी, रात्री इंजिन चालू करून फुलसावंगीच्या त्या तरुणाची चाचणी चालली होती. शेपटीचा पंखा तुटून मुख्य पात्यांवर आदळला आणि पाते त्याच्या डोक्याला लागले. चोविसाव्या वर्षी तो गेला. १५ ऑगस्टला आपले यंत्र लोकांना दाखवायचे त्याने ठरवले होते. त्या रात्रीचे चित्रण मग देशभर मोबाइलवरून फिरले.

रीतसर वाट नव्हती असे नाही, पण ती लांबची होती. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक. त्यांचे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले, नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. विमानविद्या जाणणाऱ्या मुंबईकराला इतकी वर्षे लागली.

फुलसावंगीच्या घटनेला चार महिने होतात तोच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांचा व्हिडिओ गाजला. भंगारातून बनवलेली त्यांची छोटी जीप दुचाकीसारखी किक मारून चालू व्हायची. उद्योगपती आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि कौतुकासोबत हेही लिहिले की नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ही गाडी रस्त्यावरून थांबवली जाईल. जीपच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाने ती घेतली आणि घरची जीप महिंद्रा कंपनीच्या संग्रहासाठी दिली.