तळटीप : केळीचा मुनवा
लेखक केळीच्या मुनव्याला नवी पिढी मानतात. ते मान्य करता येत नाही. बाजारातल्या बहुतेक केळींत अकरा-अकरा गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. अर्धसूत्री विभाजनात त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून बी धरत नाही; गरात उरतात ते बारीक काळे ठिपके. मुनवा मात्र कंदावरच्या डोळ्यातून साध्या सूत्री विभाजनाने वाढतो आणि मूळ झाडाचीच गुणसूत्रे घेऊन येतो. मग बसराई आणि ग्रँड नैन या केळीच्या जाती वेगळ्या कशा, असा आक्षेप निघेल. पेशी विभागताना क्वचित एखादा बदल होतो आणि मुनव्यांतून टिकतो, एवढाच तो फरक. बीजसंकराने येणारी विविधता त्यात नाही. ग्रो मिशेल हे वाण विसाव्या शतकाच्या मध्यास पनामा मर रोगाने निर्यातीतून बाद झाले, ते मुख्यतः या एकसारखेपणामुळेच. जळगावच्या बहुतेक बागा आज कॅव्हेंडिश या एकाच गटातल्या आहेत.