पर्वतीय स्नोमोबिलिंग आणि निवासस्थानाची निवड

पर्वतीय स्नोमोबिलिंग हा आखीव मार्ग सोडून, पर्वतांच्या उतारांवरील खोल आणि न दबलेल्या हिमात स्नोमोबिल चालविण्याचा हिवाळी क्रीडाप्रकार आहे. त्याचा प्रसार मुख्यतः कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत आणि अमेरिकेतील मोंटाना, वायोमिंग, आयडाहो, युटा, कोलोरॅडो व अलास्का या राज्यांत झालेला आहे. हंगाम दीर्घ असल्याने आणि उत्तम हिम केव्हा पडेल याचा नेम नसल्याने, या छंदाने झपाटलेले अनेक जण डोंगरालगतच्या एखाद्या गावी कायमचे वास्तव्यास जातात. असे गाव कोणत्या निकषांवर निवडले जाते आणि त्या निवडीची किंमत काय असते, हा या लेखाचा विषय आहे.

मराठीत आभाळातून पडणारा भुसभुशीत आणि सरबतात टाकायचा टणक, या दोहोंनाही ‘बर्फ’ असेच म्हटले जाते. या लेखात पहिल्यासाठी ‘हिम’ हा शब्द योजला आहे, कारण या खेळाची सारी भिस्त त्या भुसभुशीतपणावर आहे.

वाहन

स्नोमोबिलला पुढे दोन पट्ट्या (स्की) आणि मागे इंजिनाने फिरणारा रबरी पट्टा असतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील वालकूर येथील जोसेफ-आर्मां बोंबार्दिये (१९०७–१९६४) यांचे नाव या वाहनाशी कायमचे जोडले गेले आहे. १९३४ च्या हिवाळ्यात हिमाने रस्ते बंद असल्यामुळे त्यांच्या लहान मुलाला वेळेवर रुग्णालयात नेता आले नाही व तो दगावला. पुढे १९३७ मध्ये बोंबार्दिये यांनी बंदिस्त, अनेक आसनी हिमवाहन बाजारात आणले आणि १९५९ मध्ये ‘स्की-डू’ हे हलके वाहन. खेळासाठी आज वापरली जाणारी स्नोमोबिल या दुसऱ्या वाहनाची वंशज आहे. गरजेपोटी जन्मलेल्या साधनाचे क्रीडासाधन झाल्याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

सपाट प्रदेशातील आणि पर्वतावरील स्नोमोबिल यांत मोठा फरक असतो. पर्वतीय वाहनाचा पट्टा लांब, साधारण १५४ ते १७४ इंचांचा असतो आणि त्यावरील दाते अडीच ते तीन इंच उंच असतात. त्यामुळे वाहन हिमात न रुतता वर तरंगत राहते. विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते. दर एक हजार फूट उंचीमागे ही घट सुमारे तीन टक्के धरली जाते, म्हणजे दहा हजार फुटांवर जवळजवळ तीस टक्के शक्ती नाहीशी होते. ही तूट भरून काढण्यासाठी अलीकडे टर्बोयुक्त इंजिने वापरली जातात. काश्मीरमधील गुलमर्ग येथे पर्यटकांना स्नोमोबिलवरून फेरी मारता येते आणि महाराष्ट्रातील अनेकांची या वाहनाशी ओळख तेथेच होते. मात्र त्या फेरीवरून या खेळाची कल्पना येणे कठीण.

हिमाचा स्वभाव

गाव निवडणारा प्रथम हिमाचे प्रमाण पाहतो. परंतु प्रमाणाइतकाच हिमाचा स्वभाव महत्त्वाचा असतो. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे पर्वतरांगांना अडून वर चढतात आणि तेथेच आपला भार उतरवतात. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून महाबळेश्वरी जे करतात, तेच येथे हिमाच्या रूपाने घडते. किनाऱ्यालगतच्या रांगांवर हिम विपुल पण ओले व जड पडते, आणि तापमान थोडे चढले की पाऊसही होतो. रॉकी पर्वताच्या अंतर्भागात, विशेषतः कोलोरॅडोत, हिम कोरडे व हलके असते, पण त्याचे थर पातळ आणि तळाचा थर बहुधा कमकुवत असतो. तळचा थर कमकुवत असला की वरचा सगळा भार घसरण्याची टांगती तलवार राहते. या दोन टोकांच्या मधला पट्टा, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाच्या अंतर्भागातील सेलकर्क व मोनाशी रांगा, हिम मुबलक आणि पुरेसे कोरडे असल्यामुळे या खेळाला सर्वांत अनुकूल मानला जातो.

रेव्हलस्टोक

या पट्ट्यातील प्रमुख गाव रेव्हलस्टोक. कोलंबिया नदीच्या काठी, सुमारे ४८० मीटर उंचीवर ते वसले असून पूर्वेस सेलकर्क आणि पश्चिमेस मोनाशी रांग आहे. २०२१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या आठ हजारांच्या थोडी वर होती. गावाजवळच्या माउंट कोपलँड येथे १९७१–७२ च्या हिवाळ्यात एकूण सुमारे २४.५ मीटर हिमवर्षाव नोंदला गेला, जो कॅनडातील विक्रम आहे. गाव स्वतः सखल भागात असल्यामुळे तेथील हिवाळा सुसह्य असतो आणि तरीही बोल्डर व फ्रिस्बी या डोंगरांकडे जाणारे मार्ग गावाला लागूनच सुरू होतात. राहायला खाली आणि खेळायला वर, अशी ही सोय आहे. ती फार थोड्या ठिकाणी मिळते.

या सोयीला दुसरी बाजू आहे. गाव ट्रान्स-कॅनडा महामार्गावर असले, तरी पूर्वेकडचा रस्ता रॉजर्स खिंडीतून जातो. ४ मार्च १९१० रोजी याच खिंडीत हिमाखाली गाडला गेलेला लोहमार्ग मोकळा करीत असलेले ५८ कामगार दुसऱ्या हिमस्खलनात मरण पावले. १९६२ मध्ये खिंडीतून महामार्ग सुरू झाला. तेव्हापासून धोकादायक उतारांवरील हिम वेळीच खाली पाडण्यासाठी तेथे तोफांचा मारा करण्याची व्यवस्था असून ते काम कॅनडाच्या सैन्याकडे आहे. तोफा चालू असताना रस्ता बंद असतो. कॅल्गरीत (सुमारे ४०० किलोमीटर) नोकरी आणि रेव्हलस्टोकला घर असा संसार मांडू पाहणाऱ्याने या बंदचा हिशेब आधीच धरलेला बरा.

दुसरी अडचण घराची. २००७ मध्ये येथे मोठे स्की-केंद्र सुरू झाल्यापासून घरांच्या किमती व भाडी चढत गेली आणि हॉटेलांत व दुकानांत काम करणाऱ्यांनाच गावात जागा मिळणे अवघड झाले. त्यामुळे पश्चिमेचे सिकामूस आणि उत्तरेचे व्हेलमाउंट ही तुलनेने लहान गावेही स्नोमोबिलधारकांच्या विचारात असतात.

यलोस्टोनच्या परिसरातील गावे

मोंटानातील कुक सिटी हे नावाने ‘सिटी’ असले तरी शंभरही कायम रहिवासी नसलेले खेडे आहे. त्याची उंची सुमारे २,३०० मीटर आहे. हिवाळ्यात पूर्वेकडील बेअरटूथ महामार्ग बंद होतो, वायोमिंगच्या दिशेचा सुमारे १३ किलोमीटरचा रस्ता हिमाखालीच ठेवला जातो आणि गावात येण्यासाठी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून गार्डिनरहून येणारा एकच रस्ता उरतो. जून २०२२ च्या महापुरात या रस्त्याचे भाग वाहून गेले, तेव्हा एकाच वाटेवर अवलंबून असण्याचा अर्थ गावकऱ्यांना चांगलाच कळला. हिम मात्र दारातच असते. घरासमोरून स्नोमोबिल काढून डेझी खिंडीकडे जाता येते. लगतच्या अबसारोका-बेअरटूथ अरण्यात १९६४ च्या अरण्य कायद्यानुसार यांत्रिक वाहनांना मज्जाव आहे. ती सीमा नकाशावर स्पष्ट असली तरी हिमावर दिसत नाही.

वेस्ट यलोस्टोन हे अधिक सोयींचे आणि पर्यटनावर जगणारे गाव आहे. यलोस्टोन उद्यानात मात्र स्नोमोबिलच्या संख्येवर मर्यादा आहे, कमी आवाज व धूर करणारीच वाहने चालतात आणि बहुतेकांना मार्गदर्शकासह जावे लागते. उद्यानात स्नोमोबिल असाव्यात की नसाव्यात, हा वाद अनेक वर्षे न्यायालयांत चालला. पर्वतीय स्नोमोबिलिंग करणारे उद्यानात न जाता जवळच्या राष्ट्रीय वनांत, विशेषतः आयडाहोच्या आयलंड पार्ककडील टू टॉप डोंगरावर जातात. मद्यपरवान्याच्या नियमात बसण्यासाठी १९४७ मध्ये महामार्गालगतची हॉटेले व दुकाने एकत्र करून आयलंड पार्क ही नगरपालिका स्थापन झाली. त्यामुळे गाव मैलच्या मैल लांब आणि रुंदीला नाममात्र आहे!

वायोमिंग व अलास्का

वायोमिंगमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि सेवानिवृत्तांच्या दृष्टीने हा निकष हिमाइतकाच वजनदार ठरतो. जॅक्सन येथील घरे अमेरिकेतील अतिमहागड्या घरांत गणली जातात, म्हणून तेथे नोकरी करणारे बरेच जण स्नेक नदीच्या घळीतून ये-जा करून अल्पाइन किंवा स्टार व्हॅलीत राहतात. अल्पाइनहून ग्रेज नदीच्या खोऱ्यात शिरता येते. टोगवोटी खिंड (२,९४४ मीटर) हेही नावाजलेले क्षेत्र, पण तेथे वस्ती जवळजवळ नाही.

अलास्कात या वाहनाला ‘स्नोमशीन’ म्हणतात. व्हाल्डीझजवळील थॉम्पसन खिंडीत १९५२–५३ च्या हिवाळ्यात २४.७ मीटर हिम पडल्याची नोंद आहे. मात्र डिसेंबरात तेथे सहा तासही उजेड नसतो, त्यामुळे खरा हंगाम मार्च-एप्रिलचा. नव्याने राहायला जाणाऱ्यांना बहुधा थंडीपेक्षा हा अंधारच अधिक जाचतो.

हिमस्खलन

उत्तम हिमाची गावे आणि हिमस्खलनाची गावे बहुतांशी एकच आहेत. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार स्खलनाला सर्वाधिक पोषक असतो आणि नेमका हाच उतार चढण्यात पर्वतीय स्नोमोबिलिंगचा थरार असतो. एक वाहन उतारावर अडकले की दुसरा मदतीला जातो. त्या क्षणी उतारावरचा भार दुप्पट होतो आणि सापडणारे जीवही दोन.

१३ मार्च २०१० रोजी रेव्हलस्टोकच्या बोल्डर डोंगरावर सुमारे दोनशे जण एका अनौपचारिक मेळाव्यासाठी जमले असता हिमस्खलन होऊन दोघे मृत्युमुखी पडले व तीसच्या आसपास जखमी झाले. २९ जानेवारी २०१६ रोजी मॅकब्राइडजवळ पाच स्नोमोबिलचालक मरण पावले. या सर्वांत विचार करायला लावणारी घटना २८ डिसेंबर २००८ ची आहे. फर्नीजवळील हार्वे खिंडीच्या परिसरात अकरा जणांचा गट होता. पहिल्या स्खलनात काही जण गाडले गेले, उरलेले त्यांना उकरून काढत असताना दुसरे स्खलन आले आणि एकूण आठ जणांचा अंत झाला. हे आठही जण स्पारवूड या कोळसाखाणींच्या गावचे होते. चार हजारांच्या आतबाहेर वस्तीच्या गावातून एका दिवसात आठ तरुण गेले.

डोंगराजवळ राहिल्याने अनुभव येतो आणि अनुभवाने सुरक्षितता, हा समज या घटनेपुढे टिकत नाही. स्थानिक माणसाला डोंगर ओळखीचा असतो. हिमाचा थर मात्र दरवर्षी, किंबहुना दर वादळागणिक नवा असतो. जवळ राहण्याचा खरा लाभ वेगळा आहे. दूरहून आलेला, रजा संपत आल्यामुळे धोक्याच्या दिवशीही वर जातो. तेथे राहणाऱ्याला मात्र आज न जाता परवा जाता येते. पण हा लाभ घेणाऱ्यालाच मिळतो.

गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांपुरती असते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही, म्हणून प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झवर चालणारे संदेशक यंत्र, शोधकाठी आणि फावडे असणे अत्यावश्यक मानले जाते. यंत्र, काठी व फावडे अंगावरच्या पिशवीत असावीत, वाहनाला बांधलेली नसावीत, कारण वाहनही गाडले जाते. कॅनडात दैनंदिन धोक्याची सूचना ‘ॲव्हलांच कॅनडा’ ही रेव्हलस्टोकस्थित संस्था प्रसिद्ध करते. फेब्रुवारी २००३ मध्ये रॉजर्स खिंडीजवळ स्की-सहलीला गेलेले सात शाळकरी विद्यार्थी हिमस्खलनात दगावले, त्यानंतर २००४ मध्ये या संस्थेची पूर्वसंस्था उभी राहिली. मार्गदर्शन व प्रशिक्षणाची अशी व्यवस्था जवळ असणे हा गाव निवडतानाचा स्वतंत्र निकष ठरावा, असे म्हणण्यास जागा आहे.

कॅरिबू व प्रवेशबंदी

सेलकर्क व मोनाशी रांगांत राहणारे डोंगरी कॅरिबू (रेनडियरच्या जातीचे हरीण) हिवाळ्यात खोल हिमावर उभे राहून झाडांवर लोंबणारे दगडफूल खातात. रुंद खुरांमुळे ते तेथे तग धरतात, तर लांडग्यांना त्या हिमातून चालता येत नाही. स्नोमोबिलने दाबलेली वाट मात्र लांडग्यांना आयताच रस्ता मिळवून देते. या व अन्य कारणांनी, विशेषतः जुन्या जंगलांच्या तोडीमुळे, कळप घटत गेले. कॅनडा आणि अमेरिकेची सीमा ओलांडणाऱ्या दक्षिण सेलकर्क कळपातील उरलेला प्राणी जानेवारी २०१९ मध्ये पकडून रेव्हलस्टोकच्या उत्तरेकडील कुंपणात हलविण्यात आला. ब्रिटिश कोलंबियातील कॅरिबूंच्या अधिवासाचे मोठे भाग यासाठी स्नोमोबिलला बंद आहेत, आणि माउंट रेव्हलस्टोक व ग्लेशियर या राष्ट्रीय उद्यानांत हा खेळ मुळातच वर्ज्य आहे. बंद क्षेत्रांच्या सीमा वेळोवेळी बदलतात आणि त्यांचे नकाशे प्रांत सरकार प्रसिद्ध करते.