बारकोड ते रिटेल लिंक : अमेरिकन किरकोळ व्यापारातील माहितीचे स्थलांतर

विक्रीची नोंद कोणाच्या हाती आहे, यावर पुरवठा साखळीतील सत्ता बऱ्याच अंशी अवलंबून असते. अमेरिकेतील किरकोळ व्यापाराचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९७० पूर्वी दुकानाच्या गल्ल्यावर केवळ रकमेची नोंद होत असे. नेमकी कोणती वस्तू किती खपली, हे मालमोजणीनंतरच उमगे. ग्राहकाच्या पसंतीविषयीचे ज्ञान मुख्यतः बाजार संशोधनावर खर्च करू शकणाऱ्या मोठ्या उत्पादकांजवळ होते.

वुडलँड आणि सिल्व्हर यांना बारकोडचे पेटंट १९५२ मध्येच मिळाले होते. परंतु स्वस्त लेसर व संगणक यांच्या अभावी ते कागदावरच राहिले. १९७३ मध्ये आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांनी आखलेली संकेतपद्धती किराणा उद्योगाने स्वीकारली आणि २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय येथील मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचे एक पाकीट प्रथम स्कॅन झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या पद्धतीचे समर्थन प्रामुख्याने गल्ल्यावरील श्रमबचतीच्या हिशेबावर झाले होते. विक्रीच्या माहितीपासून होणारा लाभ दुय्यम मानला गेला होता. वस्तूंवरील किमतीच्या चिठ्ठ्या नाहीशा होतील या भीतीने ग्राहक संघटना व कामगार संघटनांनी विरोध केला, आणि मिशिगनसारख्या राज्याने १९७६ मध्ये प्रत्येक वस्तूवर किंमत लावण्याचा कायदाही केला. हिशेब आणि विरोध, दोन्ही गल्ल्यापाशीच थांबले होते.

दुय्यम मानलेल्या त्या माहितीचे मोल वॉलमार्टने ओळखले. अर्कान्सासमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या या कंपनीची दुकाने लहान गावांत विखुरलेली होती आणि अशा ठिकाणी माल पोहोचवण्यास घाऊक व्यापारी फारसे उत्सुक नसत. त्यामुळे स्वतःची वितरण केंद्रे उभारणे कंपनीला भाग पडले. १९८७ मध्ये तिने खासगी उपग्रह संपर्कजाळे पूर्ण केले. दूरच्या दुकानांतील विक्रीचे आकडे बेंटनव्हिलच्या मुख्यालयात त्वरेने पोहोचू लागले. १९९१ मध्ये 'रिटेल लिंक' प्रणालीद्वारे हे आकडे पुरवठादारांसाठी खुले झाले.

या व्यवस्थेस 'भागीदारी' म्हणण्याचा प्रघात व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. प्रॉक्टर अँड गँबलसारख्या बलाढ्य उत्पादकाच्या बाबतीत तो काहीसा सार्थही ठरतो. तथापि पुरवठादारास आपल्या मालाचे आकडे दिसत, तर विक्रेत्यास सर्वांच्या मालाचे. शिवाय साठा वेळेवर भरण्याची जबाबदारी, आणि तिच्यासोबत चुकीच्या अंदाजाची जोखीम, क्रमशः पुरवठादाराकडे सरकली. माहिती वाटली गेली, पण सममूल्याने नव्हे.

या असमतोलाची मर्यादा आरएफआयडीच्या प्रयोगात उघड झाली. प्रमुख १०० पुरवठादारांनी जानेवारी २००५ पासून खोकी व पॅलेट यांवर रेडिओ टॅग लावावेत, असा आग्रह वॉलमार्टने २००३ मध्ये धरला. टॅगचा खर्च पुरवठादाराने सोसावयाचा होता आणि लाभ मात्र मुख्यतः विक्रेत्यास मिळणार होता. साहजिकच अनेकांनी नाममात्र पालन केले आणि दशकाअखेर हा उपक्रम मंदावला. टॅग पुरेसे स्वस्त झाल्यावर, २०२० नंतर, कंपनीने ही अट पुन्हा घातली. या वेळी खोक्यांऐवजी तयार कपडे, खेळणी व गृहोपयोगी वस्तूंच्या प्रत्येक नगावर.