फिलाडेल्फियातील पहिली रात्र
मार्च 2001 मध्ये वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने आपली प्रतिस्पर्धी वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात फिलाडेल्फियात वाढलेली एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग दिवाळखोरीत निघाली, तेव्हा अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती, म्हणजे निकाल आधी ठरवून प्रेक्षकांसमोर रंगवली जाणारी कुस्ती, जवळजवळ एकाच मालकाच्या हाती गेली. दूरचित्रवाणीचा मोठा करार नसलेल्या लहान, स्वतंत्र संस्थांना यातून वाव मिळाला. त्यांतलीच ‘रिंग ऑफ ऑनर’ ही संस्था चित्रफिती विकणाऱ्या ‘आरएफ व्हिडिओ’च्या व्यवसायातून उभी राहिली आणि तिचा पहिला प्रयोग 23 फेब्रुवारी 2002 रोजी फिलाडेल्फियातील मर्फी रिक्रिएशन सेंटरमध्ये झाला.

त्या रात्री एडी गरेरो आणि सुपर क्रेझी यांची लढत नावाजलेल्यांची होती. पण प्रयोगाचे खरे मोल लो की, ब्रायन डॅनियलसन आणि ख्रिस्तोफर डॅनियल्स यांच्या तिरंगी कुस्तीत आहे. छातीवर सणसणीत बसणाऱ्या लाथा आणि सांधे पिळणाऱ्या पकडी यांनी ती घडली असून, आज पाहतानाही तिची धग कमी वाटत नाही. लढतीआधी व नंतर हस्तांदोलन करावे, असा संस्थेचा दंडक होता आणि कथेचा सारा ताण त्यावरच तोललेला होता. कुस्ती लो कीने जिंकली, त्याने व डॅनियलसनने हात मिळवले. डॅनियल्सने मात्र पुढे आलेला हात नाकारला.